लेकरू भ्यायला नको असेल तर पाळणा कसा निवडायचा (जत्रा असो की मोठा पार्क)

लहान लेकराला कशात बसवायचं हे आपण बहुतेकदा पाळण्याची उंची बघून ठरवतो, हा बुटका आहे म्हणजे चालतंय, तो उंच आहे म्हणजे नको. पण तीन-चार वर्षाचं लेकरू उंचीपेक्षा दुसऱ्याच गोष्टींना जास्त भितं. आवाजाला भितं, अंधाराला भितं, अचानक बसलेल्या हिसक्याला भितं, आणि सगळ्यात जास्त म्हणजे "मला उतरायचंय" म्हणल्यावर कुणी उतरवत नाही याला. त्यामुळं चार फूट उंचीवरची भोंगे लावलेली ड्रॅगन ट्रेन त्याला रडवू शकते आणि तेच लेकरू आईच्या कुशीत बसून मोठ्या आकाशपाळण्यात मजेत खाली बघत बसतं. हे एकदा ध्यानात घेतलं की अर्धं काम झालं.

आता पहिलं काम. तिकीट काढायच्या आधी एक पूर्ण फेरी लेकराला सोबत घेऊन बाहेर उभं राहून बघायची. पूर्ण म्हणजे सुरू होण्यापासून माणसं उतरेपर्यंत, कारण बरेच पाळणे सुरुवातीला निवांत असतात आणि मधे एकदम वेग घेतात नाहीतर उलटे फिरायला लागतात. मोबाईलवर टाइम लावा. दीड-दोन मिनिटांची फेरी बहुतेक लेकरं सहन करतात, त्याच्या वर गेलं की जे भ्यायलंय त्याला ते संपतच नाही असं वाटतं. जत्रेत गर्दी कमी असली की पाळणेवाले बऱ्याचदा खुश होऊन फेऱ्या वाढवून देतात, मोठ्यांना बरं वाटतं, पण सोबत लहान असेल तर आधीच सांगून ठेवायचं की दादा जास्त नका देऊ. आणि बघताना पाळण्याकडं कमी बघा, उतरणाऱ्या लेकरांच्या तोंडाकडं जास्त बघा. आपल्या लेकराच्याच वयाची पोरं हसत उतरायलेत का रडत, का गपगार होऊन आईला चिकटलेत, यावरून जेवढं कळतं तेवढं कोणत्या बोर्डावरून कळत नाही. तेवढ्यात आपलं लेकरू काय करतंय तेही बघा. टाळ्या वाजवत पुढं ओढत असेल तर ठीक, तुमच्या मागं लपायला लागलं किंवा एकदम गप झालं तर ते तोंडानं हो म्हणत असलं तरी त्याचं उत्तर नाही असंच समजायचं.

आपल्याकडच्या जत्रा धरू. माळेगावची खंडोबाची यात्रा असो, लातूरला महाशिवरात्रीपासून भरणारी सिद्धेश्वराची असो, नाहीतर संभाजीनगरला नवरात्रातली कर्णपुऱ्याची, पाळणे थोड्याफार फरकानं सगळीकडं तेच असतात.

लहान घोड्यांची चकरी सगळ्यात सोपी, दोन वर्षाचं लेकरू सुद्धा सोबत कुणी उभं राहिलं तर बसतं. घोडा वर-खाली होणारा असेल तर आधी न हलणाऱ्या बाकावर एक फेरी करा. आणि दोन-तीन रांगा असतील तर आतल्या रांगेतला घोडा धरायचा, तेवढ्याच वेळात त्याला कमी अंतर फिरायचं असतं म्हणून तो बाहेरच्यापेक्षा हळू जातो. झुकझुक गाडी, हातानं चाक फिरवून चालवायच्या पाण्यातल्या छोट्या बोटी, हे सगळं चालतं. बोटीत मात्र लेकरू एकटं असतं आणि आई काठावर, त्यामुळं आईला सोडून न राहणाऱ्या लेकराला तिथंच रडू फुटतं, पाण्याला भ्यालं असं नाही.

हवा भरलेलं ते मिकी माऊस, म्हणजे जंपिंग, आईबापांना सगळ्यात सेफ वाटतं. पण तिथं लहानग्याला त्रास होतो तो मोठ्या पोरांचा. दहा-अकरा वर्षाची पोरं उड्या मारायला लागली की तीन वर्षाचं लेकरू उभंच राहू शकत नाही, खाली पडतं, वरून कुणीतरी येऊन आदळतं आणि मग ते परत कधी त्याच्यावर चढत नाही. वाट बघा, त्याच्याच वयाची चार पोरं आत असतील तेव्हाच सोडा. वारं सुटलेलं असेल किंवा बांधलेल्या दोऱ्या सैल दिसल्या तर अजिबात नको.

आकाशपाळण्यात भीती वेगाची नसते, थांबण्याची असते. माणसं चढवायला-उतरवायला तो थांबत थांबत जातो आणि नेमकं आपण वर असताना थांबला की खोकं डुलायला लागतं. लेकराला हे आधीच सांगितलं, की बघ आपण वर गेलो की जरा वेळ थांबणार, खालची माणसं बसेपर्यंत, तर त्याला ते बिघडल्यासारखं वाटत नाही. चारही बाजूंनी बंद जाळीचं खोकं असेल तरच लहानाला घेऊन बसा, नुसती आडवी दांडी असलेल्या उघड्या पाळण्यात पाच वर्षाच्या आतलं लेकरू नेऊच नका, माझं हे स्पष्ट मत आहे. मांडीवर सुद्धा नको.

आता कोलंबस, म्हणजे ती मोठी नाव. लहानांना सगळ्यात जास्त भेदरवणारा पाळणा हाच, आणि गंमत म्हणजे हौसेनं सगळ्यात जास्त नेतात ते पण यातच, कारण खालून बघताना ती नुसती झुलताना दिसते. नाव वर जाऊन क्षणभर थांबते आणि खाली यायला लागते तेव्हा अंगाचं वजनच गेल्यासारखं होतं, पोटात गोळा येतो. मोठ्यांना त्याचीच मजा येते, लेकराला मात्र आपल्या पोटात हे काय झालं तेच कळत नाही, आणि ते परत परत होत राहतं. सहा-सात वर्षाचं धीट लेकरू स्वतःहून मागं लागलं तर न्या, पण बरोबर मधल्या सीटवर बसवा. टोकाच्या सीटा सगळ्यात उंच जातात, मधल्या सगळ्यात कमी. पैसे तेवढेच, फरक मात्र लई मोठा.

टोरा टोरा आणि ब्रेक डान्स लहानांसाठी नाहीतच. खालचा पाट फिरतो, वरची गाडी स्वतःभोवती फिरते, हिसका कुठून बसणार तेच कळत नाही. गोल फिरणाऱ्या कुठल्याही पाळण्यात मोठं माणूस आणि लेकरू शेजारी बसणार असेल तर लेकरू आतल्या बाजूला, म्हणजे मधल्या खांबाकडं, आणि मोठं माणूस बाहेरच्या बाजूला. वेग आला की सगळं वजन बाहेर ढकललं जातं, उलटं बसलात तर तुम्हीच लेकरावर दाबले जाता, आणि पाळण्यापेक्षा त्या दाबल्या जाण्यालाच ते भितं.

मौत का कुआँ हा पाळणा नाही, पण सगळे लेकराला खांद्यावर घेऊन बघायला चढतात म्हणून सांगतो. गाड्यांचा आवाज कानठळ्या बसवणारा असतो आणि गाडी वर आली की आपण उभे असतो त्या फळ्या हादरतात. पाच वर्षाच्या आतल्याला खालीच कुणाजवळ तरी ठेवा. भूतबंगला तर नकोच नको. पाच-सहा वर्षापर्यंत लेकराला खोटं भूत खोटं आहे हे सांगून समजतं, पण पटत नाही. तिथं नाही रडलं तरी रात्री उठून बसतं, मग आठ-आठ दिवस एकटं बाथरूमला जात नाही.

जत्रेला जायची वेळ पण महत्त्वाची. दिवस मावळायच्या आधी, चार-पाचला गेलात तर गर्दी कमी, भोंगे कमी, आणि लेकराला सगळं स्वच्छ दिसतं. तोच पाळणा रात्री आठला लाईटींच्या लखलखाटात आणि दहा स्पीकरच्या आवाजात त्याला वेगळाच वाटतो. जनरेटरच्या शेजारचे पाळणे पण टाळा. लेकराच्या खिशात फोन नंबरची चिठ्ठी टाकून ठेवा, हे तर सगळ्यांना माहीतच आहे.

मोठ्या पार्कचं गणित जरा वेगळं. नांदेड-लातूरकडच्यांना हैदराबादचं वंडरला जवळ पडतं, संभाजीनगर-बीडकडची मंडळी पुण्याहून पुढं खोपोलीच्या इमॅजिकाला जातात. तिथं सेफ्टी जास्त आणि प्रत्येक राईडच्या बाहेर उंचीची खूणपट्टी असते. ती पट्टी भीतीची नाही, शरीराची आहे, तेवढ्या उंचीच्या अंगाला लॉक बरोबर बसतं एवढाच तिचा अर्थ. म्हणजे पट्टीत बसलं म्हणून लेकरू भिणार नाही असं होत नाही. आणि उलट, पट्टीत बसत नसेल तर बुटात काहीतरी घालून किंवा वय वाढवून सांगून बसवायचं हे कृपा करून करू नका. दोघांवर एकच दांडी येत असेल तर ती मोठ्या माणसाच्या मांडीवर अडकते आणि लेकराच्या मांडीवर जागा रिकामी राहते, हे जत्रेतल्या पाळण्याला पण लागू आहे.

राईडच्या नावावर आणि बाहेरच्या रंगीबेरंगी चित्रावर अजिबात जाऊ नका. इमॅजिकाचंच घ्या, टबीचे उडणारे हत्ती आणि घोड्यांचं कॅरोसेल हे खरंच लहानांचं, पण हम्प्टीज फॉल नाव ऐकून बडबडगीत वाटलं तरी तो वर नेऊन खाली सोडणारा पाळणा आहे, छोटा असला तरी पोटात गोळा आणतो. सलीमगढ म्हणजे भूतबंगलाच, डीप स्पेस अंधारातला रोलर कोस्टर, राजासॉरसमधे बोटीत बसून डायनासोर बघत जायचं आणि शेवटी बोट खाली पाण्यात सुटते. डायनासोरचं वेड असलेली पोरं त्याच्यासाठी हट्ट करतात, पण चित्रातला डायनासोर आणि अंधारात अंगावर ओरडणारा डायनासोर यात फरक आहे. रॅथ ऑफ द गॉड्समधे तर बसून नुसतं बघायचंय असं वाटतं, पण आगीचे लोळ, पाणी आणि गडगडाट आहे. म्हणून गेटवर कर्मचाऱ्याला "लहान मुलांना चालते का" असं विचारू नका, तो हो म्हणून मोकळा होतो. तीन प्रश्न विचारा: आत अंधार आहे का, मोठा आवाज होतो का, एकदम खाली पडते का. यातली दोन उत्तरं हो आली तर पाच वर्षाच्या आतल्यांनी ती राईड सोडून पुढं चालायचं.

थ्रीडी, फोरडीचं थिएटर, हलणाऱ्या खुर्च्या, हे पण भिववतात आणि वरून मळमळ आणतात. डोळ्याला दिसतं आपण पळायलोत आणि कानातल्या तोल सांभाळणाऱ्या भागाला कळतं आपण बसून आहोत, त्या गोंधळानं उलटी होते. दोन ते बारा वर्षाच्या लेकरांना हा त्रास जास्त, एसटीत ज्याला लागते त्याला इथं पण लागणारच. अशा वेळी चष्मा काढून डोळे मिटायला सांगा, बरं वाटतं. गोल फिरणाऱ्या पाळण्यात मात्र समोरच्या दांडीकडं किंवा तुमच्या तोंडाकडं बघायला सांगा. गच्च जेवून बसवू नका आणि उपाशी पण ठेवू नका.

कोस्टर छोटासा, फॅमिलीचा असेल तरी मधला डबा धरा. मागचा डबा उतारावर जोरात ओढला जातो, पुढच्यातून सगळा उतार समोर दिसतो. पाण्याकडं लेझी रिव्हर, म्हणजे हळू वाहणारं पाणी, आणि लहान पूल आधी, लाटांचा वेव्ह पूल नंतर. लाटा सुरू व्हायच्या आधी भोंगा वाजतो, तो ऐकला की काठाला या असं लेकराला शिकवून ठेवा. वरून पाण्याची बादली उपडी होते तिथं पण आधी घंटा वाजते. लेकरं पाण्याला नाही, तोंडावर अचानक आलेल्या पाण्याला भितात. फोटोसाठी मुखवटेवाल्या माणसाच्या मांडीवर दोन-तीन वर्षाच्या लेकराला ढकलू नका, लांबून हात हलवू द्या.

दिवसाची सुरुवात जिथं शंभर टक्के हसणार अशा राईडनं करा. पहिलीच चुकली तर उरलेला दिवस प्रत्येक रांगेत रडारड.

लेकराशी बोलताना "काही होत नाही" म्हणू नका, कारण होतं ना काहीतरी, पोटात गोळा येतो, आवाज येतो. काय होणार ते क्रमानं सांगा, आधी हळू जाईल, मग वळेल, मग एकदा जोरात, मग थांबेल. रांगेत उभं राहिल्यावर सुद्धा नको म्हणलं तर बाहेर या, तिकिटाचे पैसे गेले तर जाऊ द्या. भित्रा म्हणून चिडवायचं नाही, मामा-काकांनी पण नाही, आणि "बघ ती ताई कशी बसली" हे तर मुळीच नाही. चिडवून बसवलेलं लेकरू भीत तर राहतंच, वर सांगायचं पण बंद करतं.

चालू पाळण्यात रडायला लागलं तर पहिलं घट्ट धरा आणि उरलेलं मोजून सांगा, अजून तीन चक्कर, आता दोन. जोरात ओरडायला सांगा, श्वास सुटतो आणि अंग सैल होतं. जत्रेत पाळणेवाल्याला हात करून "दादा, लेकरू भ्यायलंय, थांबवा" म्हणायला लाजू नका, बहुतेक जण लगेच वेग कमी करतात. थांबेपर्यंत दांडी मात्र उघडायची नाही आणि उभं राहायचं नाही.

घरात एक आठ वर्षाचं आणि एक तीन वर्षाचं असेल तर सगळ्यांनी मिळून फिरायचा हट्ट सोडा. मोठ्याला घेऊन एक जण कोलंबसकडं, धाकट्याला घेऊन दुसरा चकरीकडं, आणि तासाभरानं उसाच्या रसाच्या दुकानासमोर भेटायचं, तिथं अदलाबदल. तसं नाही केलं तर एकतर मोठं लेकरू दिवसभर घोड्यावर बसून कंटाळतं, नाहीतर धाकटं त्याच्या मागं मागं नको त्या रांगेत जाऊन उभं राहतं.