ग्रबचा मेनू भलत्याच मॉनिटरवर येतोय? केबलला हात लावायच्या आधीची तयारी

एकाच पीसीवर विंडोज आणि उबुंटू, समोर दोन मॉनिटर, आणि कुठली सिस्टिम चालू करायची ते विचारणारा ग्रबचा मेनू येतो नेमका बाजूच्या उभ्या लावलेल्या मॉनिटरवर, तोही आडवा, म्हणजे मान वाकडी करून वाचायचा. तो मॉनिटर बंद असला तर १० सेकंद निघून जातात आणि पहिली एन्ट्री आपोआप सुरू होते. रोज वैताग येतो खरंच, आणि हे बऱ्याचदा अर्ध्या तासात सुटतं, फक्त तयारी नीट हवी.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा. विंडोजच्या सेटिंगमधे जाऊन मेन डिस्प्ले कितीही बदला, ग्रबला त्याचा पत्ताच नसतो, कारण त्या वेळी विंडोजही लोड झालेलं नसतं आणि ड्रायव्हरही. मदरबोर्डचं बायोस (पीसी चालू होताना सगळ्यात आधी चालणारं सॉफ्टवेअर) आणि ग्राफिक्स कार्ड मिळून स्क्रीन ठरवतात आणि ग्रब मिळेल त्या स्क्रीनवर मेनू काढतो. ग्रबच्या सेटिंगच्या फाईलमधलं (/etc/default/grub) जीएफएक्समोड बदललं तर रिझोल्यूशन बदलतं, मॉनिटर नाही, त्यामुळे तिथे वेळ घालवू नका.

आता तयारी. सगळ्यात महत्त्वाची बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्क एन्क्रिप्शनची, रिकव्हरी की, ४८ आकडी असते, बायोसमधे काही बदललं की विंडोज ती मागू शकतं आणि तेव्हा हातात नसेल तर डेटा अडकतो. विंडोज ११ च्या बऱ्याच लॅपटॉपवर एन्क्रिप्शन आपोआप चालू झालेलं असतं, आपण कधी चालू केलं नाही म्हणून निर्धास्त राहू नका, मायक्रोसॉफ्ट अकाउंटमधे बघा आणि की कागदावर उतरवून ठेवा. मग वायरवाला यूएसबी कीबोर्ड शोधा, ब्लूटूथवाला बायोसमधे बहुतेक चालत नाही. कॅबिनेट पुढे ओढा, मोबाईलचा टॉर्च लावून मागच्या बाजूचा फोटो काढा, कुठली केबल कुठल्या पोर्टमधे आहे ते स्पष्ट दिसलं पाहिजे. बायोसमधल्या डिस्प्लेच्या पानाचाही फोटो घ्या, काही बिघडलं तर परत पहिल्यासारखं करता येतं.

फोटोत नीट बघा, दोन्ही केबल ग्राफिक्स कार्डात आहेत की एक मदरबोर्डच्या पोर्टात. एक मदरबोर्डला असेल तर काम सोपं, चालू करताना डिलीट किंवा एफ२ दाबून बायोसमधे जा, प्रायमरी डिस्प्ले किंवा इनिशियल डिस्प्ले आउटपुट असं काहीतरी नाव सापडेल, त्यात आयजीएफएक्स म्हणजे प्रोसेसरमधलं ग्राफिक्स आणि पीईजी किंवा पीसीआय-ई म्हणजे कार्ड, हवं ते निवडा आणि एफ१० नं सेव्ह करा. रायझन ५६०० किंवा नावाच्या शेवटी एफ असलेले इंटेल प्रोसेसर, यांच्यात ग्राफिक्सच नसतं, तिथे मदरबोर्डचा पोर्ट कामाचा नाही.

दोन्ही केबल कार्डातच असतील (बहुतेकांचं असंच असतं) तर त्या सेटिंगचा उपयोग नाही, तिथे पोर्टची अदलाबदलच करावी लागते. पीसी पूर्ण बंद करून दोन केबल आपापसात बदला आणि बघा मेनू कुठे येतो, कुठल्या पोर्टला आधी मान मिळतो ते कार्डाप्रमाणे बदलतं त्यामुळे करूनच बघायचं. डिस्प्लेपोर्टवाला मॉनिटर बटणानं बंद असला की काही वेळा कार्डाला तो दिसतच नाही, म्हणून टेस्ट करताना दोन्ही मॉनिटर आधी चालू करा आणि मगच पीसी. केबल बदलल्यावर विंडोजमधली डावी-उजवी मांडणी उलटी झाली तर ती परत लावून घ्या.

एवढं करूनही जमलं नाही तर मेनू न बघता काम भागतं. उबुंटूमधे ग्रबच्या त्याच फाईलमधे ग्रब डिफॉल्टला सेव्हड लिहायचं (GRUB_DEFAULT=saved), टर्मिनलमधे सुडो अपडेट-ग्रब (sudo update-grub) चालवायचं, आणि मग विंडोजमधे जायचं असेल तेव्हा टर्मिनलमधून ग्रब-रिबूट (sudo grub-reboot) कमांडला विंडोजच्या एन्ट्रीचं नाव देऊन रीस्टार्ट करायचं, पुढच्या एका वेळेपुरतं थेट विंडोज चालू होतं.