वायनरीत पहिल्यांदाच सीझनला कामाला जाताय? आधी हे वाचा

वायनरीत काम म्हटलं की लोकांना वाटतं ग्लास फिरवत वास घेत हिंडायचं. तसलं काही नसतं हो, निम्म्याहून जास्त दिवस पाईप, क्रेट आणि टाक्या धुण्यात जातो, त्यामुळे आधी न घसरणारे गमबूट घ्या आणि मोज्यांचे दोन जोड जास्तीचे ठेवा.

द्राक्षांची तोडणी पहाटे, कधी डोक्याला टॉर्च लावून रात्रीच. माल थंड असला की ताजा राहतो, ऊन खाल्लेले घड क्रेटमध्येच आंबायला लागतात. घड उलटा करून आतून बघा, राखाडी बुरशी दिसली किंवा व्हिनेगरसारखा वास आला तर तेवढा भाग कापून टाका, अख्खा घड फेकायची घाई नको. लक्ष कात्रीवर नाही, घड धरलेल्या हातावर ठेवा, माझं एकच बोट दोनदा कापलंय. आणि क्रेट काठोकाठ भरू नका, वर दुसरं ठेवलं की मणी फुटतात.

गोडी मोजायला सांगितलं तर एकाच घडाचा रस घेऊ नका. वेगवेगळ्या ओळींतले, उन्हातले, सावलीतले असे शंभरेक मणी पिशवीत चुरडायचे आणि त्या रसाचा थेंब रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे गोडी मोजायच्या छोट्या दुर्बिणीसारख्या यंत्रावर. साध्या वाईनला साधारण 22 ते 24 ब्रिक्स (रसात वजनाने साधारण तेवढे टक्के साखर) बघतात. एक बी पण चावून बघा, हिरवी मऊ लागली तर अजून थांबायचंय.

रेड वाईनमध्ये खरी मेहनत. आंबायला लागलं की गॅस सालींना वर ढकलतो आणि जाड थर जमतो, त्याला कॅप म्हणतात. दिवसातून दोन-तीनदा तो दांड्याने खाली दाबायचा, नाहीतर वरची सालं सुकतात, व्हिनेगरचे जंतू धरतात, शिवाय रंग उतरतो तो पण सालीतूनच. पहिल्या दाबाला थर हलतच नाही, कडेकडेने सुरुवात करा, पाठीने नाही तर अंगाच्या वजनाने.

आता हे नीट वाचा. हा गॅस म्हणजे कार्बन डायऑक्साइड, हवेपेक्षा जड, दिसत नाही, टाकीत तळाशी साचून बसतो. रिकामी दिसली तरी टाकीत डोकं घालायचं नाही, एकट्याने उतरायचं तर अजिबात नाही, आत कोणी पडलं तरी मागोमाग उडी मारायची नाही, कारण अशात वाचवायला गेलेलाही जातो. आधी पंखा, मग गॅस मीटर, बाहेर एक माणूस उभा, मगच.

धुताना घरचं ब्लीच वापरू नका, क्लोरीनमुळे पुढे वाईनला कुबट वास धरू शकतो. सल्फाइटची पावडर (वाईन टिकवायला आणि भांडी निर्जंतुक करायला वापरतात ती) हुंगू नका, दमा असेल तर पहिल्याच दिवशी सांगून टाका.

थंड देशांत छाटणी वेली झोपल्यावर, म्हणजे वाढ थांबून पानं गळून गेल्यावर; आपल्याकडे महाराष्ट्रात वेली तशा झोपत नाहीत, छाटणी वर्षातून दोनदा होते. ओलांड्यावरच्या (तारेवर पसरलेल्या वेलीच्या आडव्या फांदीवरच्या) प्रत्येक काडीला दोन डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या जागा, ठेवायचे की जास्त हे जातीवर असतं, स्वतःच्या मनाने कापू नका.

आणि हो, हात काळे पडतात. साबणाने तर अजूनच निळे-काळे होतात, आधी लिंबू चोळा मग साबण.