हायस्कूलची इमारत वाढवताय? या चुका टाळा

विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. त्या आठवड्यात दक्षिण नागपुरातल्या कुठल्याही बऱ्या हायस्कूलच्या ऑफिससमोर उभे राहून पाहा. बेसा, बेलतरोडी, मनीषनगर, हुडकेश्वर, नरसाळा या बाजूला जिथे वीस-पंचवीस वर्षांपूर्वी शेती होती तिथे आज फ्लॅट स्कीम आहेत, आणि त्यातल्या मुलांचे आईबाप आठवी-नववीच्या प्रवेशासाठी रांगेत आहेत. संस्थेचे सचिव ही रांग पाहतात आणि पुढच्याच सभेत ठराव होतो : वरचा मजला चढवू, सहा खोल्या काढू.

मुख्याध्यापक असताना अशा ठरावावर मीही सही केली आहे. निवृत्तीनंतर दोन-तीन संस्थांच्या बांधकाम समित्यांवर बसलो. चुका सगळीकडे त्याच, आणि बहुतेक चुका पहिली वीट लागण्याआधीच झालेल्या.

रांग मोजली, मुले मोजली नाहीत

प्रवेशाची रांग हा एका वर्षाचा आकडा आहे. इमारत उभी राहते पन्नास वर्षांसाठी. म्हणून मागच्या पाच वर्षांचे हजेरीपट काढा आणि प्रत्येक इयत्तेतली किती मुले पुढच्या इयत्तेत पोचली ते पाहा. समजा गेल्या वर्षी आठवीत १२० मुले होती आणि यंदा नववीत १३२ आहेत, तर प्रमाण १.१० झाले. हेच पाचवी ते दहावी प्रत्येक पायरीला काढा, पाच वर्षांची सरासरी घ्या आणि आजच्या पाचवीवर लावा. पाच वर्षांनंतरची दहावी किती मोठी असेल, याचा बराच भरवशाचा अंदाज एका कागदावर मिळतो. लिपिकाचे दोन दिवसांचे काम आहे.

हे प्रमाण नववीतच का उडी मारते, याचे कारणही समजून घ्या. महापालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या पुष्कळ शाळा सातवी-आठवीला संपतात. शिवाय शिक्षण हक्क कायद्यातले २५ टक्क्यांचे मोफत प्रवेश आठवीपर्यंतच असतात. नववीला पूर्ण फी भरायची वेळ आली की ती मुले विनाअनुदानित शाळा सोडून अनुदानित हायस्कूलकडे येतात. तुमची शाळा अनुदानित असेल तर नववीत भर पडेल, विनाअनुदानित असेल तर तिथेच गळती लागेल. दोघांनी एकाच मापाच्या खोल्या बांधल्या तर एकाकडे बाक कमी पडतील आणि दुसऱ्याकडे खोल्यांना कुलपे लागतील.

आसपासच्या प्राथमिक शाळांत स्वतः जा. सातवीचा पट विचारा. मुख्याध्यापक आनंदाने सांगतात, एक चहा पुरतो. परिसरात नवीन हायस्कूल येऊ घातले आहे का, हेही तिथेच कळते.

अकरावी-बारावीच्या आशेने जादा खोल्या काढू नका. नागपुरात अकरावीचा प्रवेश बऱ्याच वर्षांपासून केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने होतो आणि दरवर्षी हजारो जागा रिकाम्या राहतात. आपली दहावीची मुले आपल्याकडेच थांबतील हे गृहीत धरणे फार महागात पडते.

खोली झाली म्हणजे शिक्षक मिळाला, असे नव्हे

हा गैरसमज इतका पसरला आहे की त्यावर वेगळे लिहावेच लागते. अनुदानित शाळेत शिक्षकांची पदे संच मान्यतेने, म्हणजे पटानुसार पदे मंजूर करण्याच्या शासकीय प्रक्रियेने, ठरतात, आणि संच मान्यता ३० सप्टेंबरच्या पटावर. त्यातही आधार जुळलेली मुलेच धरली जातात. पाच मुलांची जन्मतारीख किंवा नावाचे स्पेलिंग आधारशी जुळले नाही म्हणून पद गेले, असे मी पाहिले आहे. वाढीव तुकडीचा प्रस्ताव आणि इमारतीचा नकाशा या दोन फाइली एकाच दिवशी उघडा. इमारत तयार, तुकडी मंजूर नाही, आणि त्या खोलीत जुने बाक रचलेले, असे दृश्य मला पुन्हा कुठे पाहायचे नाही.

वर्ग वाढले की प्रयोगशाळेचे काय, हे तासिकांतच मोजा. आठवड्याला ४५ तासिका धरा. आठवी ते दहावीच्या नऊ तुकड्यांना प्रत्येकी चार तासिका प्रयोगशाळा लागली तर ३६ झाल्या, म्हणजे ८० टक्के वापर. शिक्षकांच्या वेळा जुळवताना ८५ टक्क्यांच्या वर सहसा जाता येत नाही. आणखी एक तुकडी वाढून दहा झाल्या की ४० तासिका होतात आणि वेळापत्रक मोडते. तेव्हा तुम्हाला वर्गखोली हवी आहे की दुसरी प्रयोगशाळा, हे तासिकाच सांगतील. कधी कधी असेही दिसते की दोन पाळ्या केल्या तर तीन वर्षे काहीच बांधायला नको.

गच्चीवरच्या सळया

जुन्या हायस्कूलच्या गच्चीवर जा. कॉलमच्या सळया हातभर वर सोडलेल्या दिसतील. बांधणाऱ्यांनी पुढच्या मजल्याची सोय करून ठेवली. मग सभेत कुणीतरी म्हणतेच, "सर, कॉलम तर तीन मजल्यांचे टाकलेत ना, मग अडचण काय?"

अडचण अशी, की त्या सळयांनी वीस पावसाळे उघड्यावर काढले आहेत. गंजाने त्या बारीक झाल्या आहेत आणि त्यांच्या मुळाशी पाणी कॉलममध्ये उतरले आहे. दुसरी अडचण जमिनीखाली आहे. कॉलम तीन मजल्यांचे असले तरी फुटिंग, म्हणजे कॉलमखालचा पाया, किती मजल्यांचे आहे? मूळ स्ट्रक्चरल ड्रॉइंग बहुतेक संस्थांकडे सापडत नाही. आमच्याकडेही सापडले नव्हते. शेवटी एका कोपऱ्यात खड्डा खणून फुटिंग उघडे केले, तेव्हा ते दोनच मजल्यांचे निघाले. त्या एका खड्ड्याचा खर्च किरकोळ होता, पण वरचा मजला चढल्यावर जे झाले असते त्याचा विचार करून आजही अंगावर काटा येतो.

म्हणून आधी स्ट्रक्चरल ऑडिट. काँक्रीट न फोडता त्याची मजबुती अजमावणारी रिबाउंड हॅमर आणि अल्ट्रासॉनिक तपासणी, संशय असेल तिथे काँक्रीटचा कोअर (कापून काढलेला नमुना), आणि फुटिंग उघडून पाहणे. नागपूर भूकंपाच्या दृष्टीने सौम्य पट्ट्यात येत असले तरी शाळेची इमारत साध्या घरापेक्षा दीडपट भूकंपबलासाठी तपासायची असते, हे इंजिनिअरला आठवण करून द्या. विटांच्या भारवाहू भिंतींवर उभी असलेली जुनी इमारत असेल तर मजल्याचा विचार तिथेच सोडा आणि बाजूला बांधा.

बाजूला बांधताना मात्र काळ्या मातीशी गाठ असते. शहराच्या पश्चिमेला बेसॉल्टचा खडक आहे, पूर्वेला जुना नीस खडक. पण वर अनेक ठिकाणी फूट-दोन फुटांपासून पुरुषभर खोलीपर्यंत काळी कपाशीची माती सापडते. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. जुनी इमारत त्या हालचालीला सरावलेली असते, नवी अजून बसायची असते. दोन्ही एकमेकांना घट्ट जोडल्या की दुसऱ्याच उन्हाळ्यात जोडावर तिरपी भेग येते. मातीची चाचणी करून पाया कडक मुरूम किंवा खडकापर्यंत न्या, माती खोल असेल तर अंडररीम्ड पाइल (तळाशी रुंद केलेले खोल खांब) घ्या, आणि जुन्या-नव्यामध्ये पूर्ण सांधा, म्हणजे मोकळी फट, सोडा. सांधा गच्चीवर नीट झाका, नाहीतर तिथूनच गळते. दोन्हीकडच्या फरशीची पातळी एक ठेवा. दोन इंचांची पायरी राहिली तर मधल्या सुट्टीत रोज एक मूल तिथे पडणार.

जोत्याची उंची ठरवताना रस्त्याकडे पाहा. नागपुरात सिमेंटचे रस्ते झाले आणि कितीतरी आवारे रस्त्याच्या खाली गेली. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांमध्ये पाणी शिरले, ते आपण सगळ्यांनी पाहिले. जुन्या इमारतीच्या जोत्याला जोते मिळवण्याचा मोह होतो. आधी मोजा, जुने जोते आज रस्त्याच्या वर आहे का?

मार्चमध्ये त्या खोलीत बसून पाहा

मे २०१३ मध्ये नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. मे महिन्यात शाळा बंद असते हे खरे, पण मार्च-एप्रिलमध्ये सकाळची शाळा असूनही दहा वाजता वरच्या मजल्यावरची मुले वहीने वारा घेतात. खर्च वाचवायला छत खाली आणू नका. राष्ट्रीय बांधकाम संहिता वर्गखोलीसाठी ३.६ मीटर उंची सांगते. खोल्यांची लांब बाजू उत्तर-दक्षिण तोंडाची ठेवा, पश्चिमेला जिना, स्वच्छतागृह किंवा व्हरांडा टाका, म्हणजे दुपारचे ऊन आधी त्यांना लागेल. गच्चीवर पांढरा उष्णतारोधक थर द्या. कूलर लावू म्हणाल, तर जुलैच्या दमटपणात तो निरुपयोगी, आणि प्रत्येक वर्गात कूलर म्हणजे वायरिंग व विजेचा मंजूर भार दोन्ही वाढवावे लागतात.

नकाशात राहून जातात त्या गोष्टी

दोनशे मुले वाढली की स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, सायकल स्टँड, आणि फाटकावरची ऑटो-व्हॅनची गर्दी हे सगळे वाढते. नकाशात मात्र फक्त खोल्या वाढतात. मुलींची स्वच्छतागृहे तर नेहमी "पुढच्या टप्प्यात" जातात. त्यांना पहिल्याच टप्प्यात घ्या, इथे तडजोड करू नका. मधल्या सुट्टीत पाच मिनिटांत रांग संपत नसेल तर मुली दिवसभर पाणी पीत नाहीत, हे आमच्या शिक्षिकांनी मला सांगितले तेव्हा मला स्वतःची लाज वाटली.

जिना किमान दीड मीटर रुंद हवा आणि नव्या मजल्याला दुसरा जिना हवाच. १६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूतल्या कुंभकोणमच्या शाळेत आग लागून ९४ मुले गेली. त्यानंतर २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळांना अग्निसुरक्षेचे निकष बंधनकारक केले. दुसऱ्या जिन्याच्या दाराला "चोरीच्या भीतीने" कुलूप लावणारी शाळा मला दिसली की मी तिथेच थांबून ते उघडायला लावतो. चाकाच्या खुर्चीसाठी उतार १ : १२ ठेवा, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. ही जागा नंतर काढता येत नाही.

कागद

जागा महापालिकेच्या, नागपूर सुधार प्रन्यासच्या की महानगर प्राधिकरणाच्या अखत्यारीत येते, हे आधी लेखी घ्या. गुंठेवारीच्या लेआऊटमध्ये असाल तर आर.एल. (नियमितीकरणाचे पत्र) आहे का पाहा. भाडेपट्ट्याची जागा असेल तर मुदत आणि अटी वाचा. सोनेगावच्या विमानतळाजवळ असाल तर उंचीचा ना-हरकत दाखला लागू शकतो. भूखंड ५०० चौरस मीटर किंवा मोठा असेल तर पावसाचे पाणी जिरवण्याची सोय नकाशात दाखवावी लागते.

सगळ्यात जास्त विसरला जाणारा कागद कर्जाचा. सार्वजनिक न्यासाला कर्ज काढण्याआधी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम ३६-अ (३) प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. कंत्राटदाराला आगाऊ रक्कम देऊन मग परवानगीला गेलेली एक संस्था मला माहीत आहे. खड्डे खणलेले, पैसे अडकलेले, आणि पावसाळा दारात.

कामाचे कॅलेंडर

उन्हाळ्याच्या सुट्टीत सगळे उरकू, असे सगळेच म्हणतात. सुट्टी जेमतेम सात-आठ आठवड्यांची. परवानग्या दिवाळीपर्यंत हातात असाव्यात. पाया नोव्हेंबर ते जानेवारीत, काळी माती कोरडी असताना. दहावीच्या परीक्षेच्या दिवसांत आवाजाचे काम बंद, विशेषतः शाळा परीक्षा केंद्र असेल तर. मे महिन्यासाठी फक्त जुन्या इमारतीला हात लावणारी कामे ठेवा.

उन्हाळ्यात स्लॅब टाकावाच लागला तर संध्याकाळनंतर टाका. कोरड्या, कडक उन्हात पीपीसी (राख मिसळलेल्या) सिमेंटला किमान १४ दिवस तराई हवी, म्हणजे स्लॅब पाण्याने ओला ठेवायला हवा, आणि मे महिन्यात बोअर आटलेले असते. टँकरचे पैसे अंदाजपत्रकात धरा, ठेकेदाराच्या मर्जीवर सोडू नका.

चूक होऊन गेली असेल तर

खोल्या रिकाम्या पडल्या असतील तर आधी ग्रंथालय, संगणक कक्ष, मुलींची विश्रांतीची खोली तिथे हलवा आणि पुढचा टप्पा थांबवा. वरचा मजला तापत असेल तर दहावीला खाली आणा, वर चित्रकलेसारखे दिवसाकाठी एक-दोन तासांचेच वर्ग भरवा आणि गच्ची रंगवून घ्या. भोगवटा प्रमाणपत्र न घेता वर्ग भरवले असतील तर वास्तुविशारदाला घेऊन स्वतःहून अर्ज करा. नोटीस येण्याची वाट पाहू नका.

जोडावर भेग दिसली तर लगेच प्लास्टर करून बुजवू नका. भेगेवर आडवी काचेची पट्टी चिकटवा, शेजारी तारीख लिहा, आणि दर महिन्याला रुंदी मोजून वहीत नोंदवा. काच शाबूत राहिली आणि पावसाळ्यानंतरही रुंदी बदलली नाही, तर सांधा कापून नीट भरून घेता येतो. काच तडकली तर त्या भिंतीला लागून असलेला वर्ग त्याच दिवशी रिकामा करा आणि इंजिनिअरला बोलवा.