अख्खा लाल भोपळा: चिरण्यापासून बियांपर्यंत

एरवी भाजीवाल्याकडून अर्ध्या किलोची फोड आणणाऱ्या घरात आठवडी बाजारातून किंवा कोणाच्या शेतातून चार किलोंचा अख्खा लाल भोपळा आला, की तो पुष्कळदा कोपऱ्यात पडून राहतो. त्याला हरकत नाही. टणक सालीचा, शाबूत देठाचा आणि कुठेही मऊ डाग नसलेला भोपळा कोरड्या, हवेशीर जागी दोन महिने सहज टिकतो. फक्त तो उघड्या फरशीवर न ठेवता गोणपाटावर ठेवावा आणि देठाला धरून उचलू नये, कारण देठ तुटल्यास सडण्याची सुरुवात बहुधा तेथूनच होते. चिरलेला भोपळा मात्र थांबत नाही, म्हणून कशासाठी किती लागणार हे ठरवूनच सुरी हाती घ्यावी.

अख्खा भोपळा पहिल्यांदा घरातील पुरुषाने चिरावा, असा प्रघात अनेक घरांत आहे. श्रद्धा बाजूला ठेवली तरी या कामाला जोर लागतो, हे खरे. भोपळा धुऊन पुसावा, घसरू नये म्हणून खाली ओले फडके अंथरावे आणि देठावर घाव न घालता देठाच्या शेजारून जड सुरीचे टोक आत खुपसून ती खालपर्यंत न्यावी. दोन भाग झाल्यावर प्रत्येक भाग पालथा ठेवून फोडी कराव्यात, म्हणजे सुरी निसटत नाही. गराचा लहानसा तुकडा कच्चाच चाखून पाहावा. तो कडू लागला तर सगळा भोपळा टाकून द्यावा, कारण हा कडूपणा शिजवूनही जात नाही आणि त्याने पोट बिघडते.

भोपळ्याच्या गरात सुमारे ९० टक्के पाणी असते आणि त्याचे पदार्थ बिघडतात ते बहुतेक वेळा या पाण्याचा विचार न केल्यामुळे. भाजीचेच घ्या. अर्धा किलो भोपळ्याच्या सालीसकट मोठ्या फोडी कराव्यात. साल काढल्यास फोडी विरघळून लगदा होतो. दोन मोठे चमचे तेलात मोहरी, पाव चमचा मेथीदाणे, हिंग, हळद आणि सुक्या मिरच्यांची फोडणी करून फोडी परताव्यात आणि कढईवर पाणी घातलेले ताट झाकावे. आत पाण्याचा थेंबही घालू नये. मंद आचेवर दहा-बारा मिनिटांत फोडी स्वतःच्याच वाफेवर शिजतात. त्यानंतर मीठ, गोडा मसाला आणि लिंबाएवढा गूळ घालून एक वाफ आणावी व वरून ओले खोबरे पेरावे. मेथीदाणे वगळू नयेत, असे माझे ठाम मत आहे, कारण त्यांच्या किंचित कडवटपणाशिवाय ही भाजी नुसती गोडमिट्ट होते. विदर्भातील बाकर भाजी याहून भारदस्त असते. तिच्यात भाजलेली खसखस आणि सुके खोबरे यांचे वाटण पडते.

भरितासाठी फोडी कुकरच्या डब्यात पाणी न घालता दोन शिट्यांवर वाफवाव्यात, चाळणीत निथळत ठेवाव्यात आणि पूर्ण गार झाल्यावर हातानेच जाडसर मोडाव्यात. दही पानावर वाढण्याच्या वेळी मिसळावे, आधी मिसळल्यास भरीत पातळ होते. मीठ, चिमूटभर साखर आणि वर जिरे, हिंग, हिरव्या मिरचीची तुपातील फोडणी एवढे पुरते. थोडी फेसलेली मोहरी घातल्यास उत्तमच.

खरी परीक्षा घारग्यांची. दोन वाट्या सालीविना किस चमचाभर तुपावर परतून त्यात वाटीभर चिरलेला गूळ घालावा आणि मिश्रण घट्टसर होईपर्यंत, म्हणजे साधारण आठ मिनिटे, शिजवावे. ते गार झाल्यावर चिमूटभर मीठ, जायफळ, दोन चमचे तांदळाचे पीठ आणि मावेल तेवढी कणीक घालून पुरीच्या पिठाप्रमाणे घट्ट मळावे. कणकेचे माप आधीच सांगणाऱ्या कृतींवर विश्वास ठेवू नये, कारण प्रत्येक भोपळ्याचा ओलावा निराळा असतो. मळलेले पीठ अर्ध्या तासाहून अधिक ठेवल्यास गुळाला पाणी सुटून ते सैल पडते. तुपाच्या हाताने केळीच्या पानावर जाडसर घारगे थापून मध्यम आचेवर तळावेत. तेल फार तापलेले असेल तर गुळामुळे ते बाहेरून काळे होतात आणि आत कच्चे राहतात. हे घारगे प्रवासात तीन-चार दिवस टिकतात.

उरलेल्या भोपळ्याच्या बिया आणि मधला तंतुमय भाग ताबडतोब काढावा, कारण भोपळा नासतो तो तेथूनच. मग फोडी झाकून फ्रीजमध्ये ठेवल्यास चार-पाच दिवस राहतात. घारग्यांसाठी काढलेली साल बारीक चिरून तेलावर कुरकुरीत परतावी आणि तीळ, सुके खोबरे, तिखट व मीठ घालून तिची कोरडी चटणी करावी. बिया पाण्यात चोळून धुवाव्यात, सावलीत खडखडीत वाळवाव्यात आणि मिठाचे पाणी शिंपडून मंद तव्यावर भाजाव्यात. त्या तडतडून बाहेर उडतात, म्हणून तव्यावर झाकण ठेवावे.