आधी मिस्त्री, मग गाडी: सोलापुरात युरोपियन गाडी पाळायची तर

आमच्या घरात पहिली युरोपियन गाडी आली तेव्हा ती युरोपियन आहे हे कुणाच्या गावीही नव्हतं. वडिलांची प्रीमियर पद्मिनी. मूळची इटलीची फियाट ११००, बनायची मुंबईत कुर्ल्याला, गिअरचा दांडा स्टिअरिंगला. बिघडली की नाक्यावरचा कुठलाही मिस्त्री पान्हा आणि स्क्रू ड्रायव्हरवर तिला उभी करायचा.

म्हणून मी नऊ वर्षांपूर्वी पुण्याहून २००४ची स्कोडा ऑक्टाव्हिया आणली, १.९ लिटरची डिझेल, तेव्हा वाटलं की हीपण तशीच सांभाळू. मित्र म्हणाला, "पांढरा हत्ती आणलास बे." तो निम्मा बरोबर होता. हत्तीला माहूत लागतो, आणि मी हत्ती आधी आणला.

तर पहिलं काम गाडी बघायचं नाही, मिस्त्री बघायचं. त्याच्याकडे जाऊन चहा प्या आणि तीन गोष्टी विचारा. एक, तुमच्याकडे या कंपनीचे बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर आहे का? सगळ्या गाड्यांना चालणारा स्वस्त स्कॅनर इंजिनापुरतं सांगतो, एअरबॅग आणि एबीएसबद्दल बहुधा गप्प बसतो. दोन, तेल कुठलं घालता? "चांगल्यातलं घालतो" हे उत्तर नव्हे. डब्याच्या पाठीवर गाडीच्या कंपनीच्या मंजुरीचा नंबर असतो. फोक्सवॅगन-स्कोडाच्या डीपीएफवाल्या (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असलेल्या) डिझेलला ५०७.००. स्कोडाच्याच लॉराच्या १.९ पंप-ड्यूझ इंजिनला किमान ५०५.०१, कारण तिथं इंजेक्टरही कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा फिरता दांडा) दाबते आणि कच्च्या तबियतीच्या तेलात कॅमचे उंचवटे झिजून जातात. नुसता ५डब्ल्यू-४० हा जाडीचा नंबर बघून भागत नाही.

तिसरा प्रश्न खरा. टायमिंग बेल्ट, म्हणजे पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांचा ताल जुळवणारा पट्टा, कसा बदलता? माझ्या इंजिनात कॅमशाफ्टच्या शेपटीला एक खाच आहे. तिच्यात पोलादी पट्टी बसवून कॅम जाम करायचा, डिझेल पंपात पिन घालायची, आणि मगच जुना बेल्ट उतरवायचा. ती पट्टी आणि पिन ज्याच्या खणातून निघते तो तुमचा माणूस. "पेंटची खूण करतो मालक, काय टेन्शन नाय" असं कुणी म्हणालं तर चहाचे पैसे देऊन उठा. हा बेल्ट चालत्या गाडीत तुटला तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो, आणि मग बिल गाडीच्या किमतीशी गप्पा मारायला लागतं. बेल्टबरोबर टेन्शनर आणि वॉटर पंपही बदला. तेवढंच सगळं पुन्हा उघडायची मजुरी दुसऱ्यांदा कशाला द्यायची?

मला असा माणूस चौथ्या गॅरेजात सापडला. तोवर मी तीन ठिकाणी शिकवणीची फी भरली होती.

सुटे भाग सोलापुरात मिळत नाहीत, ही तक्रार मला आता पटत नाही. मिळत नाहीत हे खरं, पण लागतात कशाला? जुना भाग काढा, त्यावरचं तेल-धूळ पुसून कोरलेल्या नंबराचा फोटो पुण्याच्या दुकानदाराला पाठवा. माझ्या इंजिनाचे बरेच नंबर ०३८ पासून सुरू होतात. रात्री ट्रॅव्हल्सच्या गाडीत पार्सल पडतं आणि उजाडायच्या आत जुन्या पुणे नाक्यावर हातात येतं. डबा गाडीच्या कंपनीचाच हवा असा हट्टही नको. क्लच ल्यूक किंवा झाक्सचा, फिल्टर मान किंवा माहलेचा, इंजेक्शनचं बॉशचं. हेच लोक युरोपातल्या कारखान्यांना माल देतात. फक्त "सेम टू सेम, डुप्लिकेट नाही" असं जो स्वतःहून म्हणतो त्याच्याकडून घेऊ नका.

आता गाडी कुठली? पहिल्यांदाच घेत असाल तर माझ्या वाटेनं येऊ नका. १.३ मल्टिजेटची फियाट बघा, पुंटो किंवा लिनिया. हे १२४८ सीसीचं इंजिन स्विफ्ट डिझेलमध्ये होतं, टाटाच्या व्हिस्टात होतं. सोलापुरात स्विफ्ट डिझेलवर हात बसलेला मिस्त्री कुठल्याही पेठेत सापडेल, म्हणजे तुमचं निम्मं काम झालं. स्टिअरिंग हायड्रॉलिक, हाताला वजन देणारं. विजापूर रोडला शंभरावर गाडी अशी चिकटून चालते की शेजारचा बोलता बोलता झोपतो. फियाटनं इथला गाशा गुंडाळलाय, त्यामुळे बंपर, दिवे, काचा यांसाठी वणवण होते. ठोकू नका म्हणजे झालं. दुसरी माझ्या मते सगळ्यात शहाणी गाडी म्हणजे लोगन. रेनोनं महिंद्रासोबत २००७ साली आणली, पुढे तिचीच व्हेरिटो झाली. दिसायला खोकं. पण टॅक्सीत घासून निघालेली असल्यामुळे तिचे भाग मिळतात, आणि मागच्या सीटवर तीन जाडजूड पाहुणे तुळजापूरपर्यंत कुरकुर न करता बसतात.

फोक्सवॅगनच्या पोलो जीटी टीएसआयचं नाव काढलं की पोरांचे डोळे चमकतात. माझेही चमकतात. पण १.२ लिटरच्या जीटीचा सात गिअरचा डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) कोरड्या, म्हणजे तेलात न बुडालेल्या, क्लचचा आहे. नवी पेठेत संध्याकाळी सहाला ब्रेक अर्धा सोडून गाडी इंच इंच रांगवली की क्लच घसटत राहतो आणि तापतो. ब्रेक पूर्ण दाबून थांबा, पुढं गाडीभर जागा झाली की मगच सोडा. सहा गिअरचा ओल्या क्लचचा डीएसजी जास्त सोशिक, पण त्याचं तेल आणि फिल्टर ६०,००० किलोमीटरला बदललेलं बिल मागा. बिल नाही म्हणजे बदललेलं नाही, असंच धरायचं.

बघायला सकाळी लवकर जा आणि बॉनेटला हात लावा. गरम लागलं तर मालकानं तुम्ही यायच्या आधी इंजिन चालवून ठेवलंय. का, ते विचारा. चारी काचा खाली-वर करा, आतली प्लास्टिकची क्लिप तुटली की काच दारात पडते. छताचं कापड लोंबतंय का बघा. आपल्या उन्हात डिंक सुटतो. दिल्लीहून आलेल्या स्वस्त डिझेल गाड्यांचं एक सांगतो: तिकडे दहा वर्षांवरच्या डिझेलला बंदी आली तेव्हापासून त्या इकडे येऊ लागल्या. एनओसी आणि इथला रोड टॅक्स कुणी भरायचा हे ठरल्याशिवाय टोकन देऊ नका. आणि पंधरा वर्षांनी पुन्हा पासिंग, वर पर्यावरण कर, हे हिशोबात धरा. माझी दोनदा पास झाली आहे.

बीएस-६, म्हणजे नव्या प्रदूषण नियमांची, डिझेल घेतली असेल तर घर ते सात रस्ता एवढंच चालवून चालणार नाही. डीपीएफमधली काजळी जळायला गाडी पंधरा-वीस मिनिटं सलग वेगात चालवावी लागते. माझा टॉवेलचा एक गिऱ्हाईक दर मंगळवारी तुळजापूरला जातो. आईचं दर्शन होतं आणि फिल्टरही साफ.

शेवटी इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचं, कारण इथं मी स्वतः माती खाल्ली. या गाड्यांचा तापमानाचा काटा साधारण ७५ ते १०५ अंशांपर्यंत नव्वदवरच ठेवलेला असतो, चालवणारा उगाच घाबरू नये म्हणून. त्यामुळे तो नव्वदवरून केसभर वर सरकला तरी प्रकरण पुढं गेलेलं असतं. मी टॉवेलचे गठ्ठे घेऊन पुण्याला निघालो होतो. मे महिना, एसी चालू, टेंभुर्णीच्या पुढं काटा हलला. गाडी बाजूला घेऊन बंद केली, कूलंटच्या टाकीचं झाकण उघडलं नाही, एवढी अक्कल होती. मिस्त्रीनं दुसऱ्या दिवशी रेडिएटर सोडवला आणि बोटावर पांढरी खर घेऊन मला दाखवली.

"मालक, बोअरचं पाणी घातलंय काय?"

घातलं होतं. वर्षभर, थोडं थोडं, धाब्यावरच्या नळाचं. आपल्या बोअरच्या पाण्यानं बादल्यांना पुटं चढतात, तिथं रेडिएटरच्या काडीएवढ्या नळ्यांची काय कथा!

आता डिकीत गठ्ठ्यांशेजारी गुलाबी कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं निम्मं मिसळलेला पाच लिटरचा कॅन असतो. हिरवं कूलंट त्यात कधीच मिसळत नाही. कॅनवर मार्करनं मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय: 'विष. सरबत नव्हे.' पुतण्यानं एकदा ग्लास घेऊन विचारलं होतं.