भाकरी चिरते, फुगत नाही, वातड होते? या चुका टाळा

भाकरीची कड चिरली की पहिला राग निघतो तो स्वतःच्या हातावर. ‘आपल्याला नाही बाई जमत’ म्हणायचं, परात सरकवायची आणि पोळ्यांची कणीक भिजवायला घ्यायची. पुण्यात संसार मांडल्यावर पहिली दोन वर्षं माझं हेच चाललं होतं. मग एकदा मंगळवेढ्याच्या आत्या मुक्कामाला आल्या. माझ्या भाकऱ्या, प्रत्येकीचा नकाशा वेगळा, त्यांनी बघितल्या आणि थापून दाखवायचं सोडून सरळ पिठाचा डबा उघडला. चिमूटभर पीठ अंगठ्याखाली चोळून म्हणाल्या, “इरी गेलीया की याची. तू तरी काय करणार?”

तेव्हापासून भाकरी बिघडली की मी मागे मागे जाते. तव्यावर दिसणारा बिघाड बहुतेक वेळा परातीत झालेला असतो, आणि परातीतला निम्मा गिरणीत.

आधी पीठ बघा, मग हात

विरी, आत्यांच्या बोलीत ‘इरी’, म्हणजे पिठाची धरून ठेवायची ताकद. गव्हाच्या कणकेत ग्लूटेन असतं, म्हणून ती ताणली तरी तुटत नाही. ज्वारी-बाजरीत ते नाही. ताजं पीठ कोमट पाण्यातही बऱ्यापैकी धरतं, पण दिवस जातील तशी विरी उतरते आणि मग कितीही मळा, गोळा मातीच्या ढेकळासारखा फुटतो.

ओळखायची युक्ती सोपी आहे. चमचाभर पीठ कोमट पाण्यात मळून सुपारीएवढी गोळी करा आणि दोन बोटांत दाबून चपटी करा. कड अखंड राहिली तर पीठ ठीक. कडेला चहूबाजूंनी चिरा पडल्या तर त्या पिठाची भाकरी साध्या पद्धतीने होणार नाही, हे परात घेण्याआधीच कळलं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे महिन्याचं पीठ एकदम दळून ठेवणं. गव्हाचं चालतं, म्हणून ज्वारीचंही चालेल असं आपण धरून चालतो. ज्वारी पंधरा दिवसांपुरतीच दळावी. बाजरी तर आठवड्याची. बाजरीच्या दाण्यात स्निग्धांश साधारण ५ टक्के, म्हणजे गव्हाच्या दुपटीहून जास्त, त्यामुळे दळल्यावर ते पीठ लवकर खवट होतं. बाजरीची भाकरी कडू लागली की बाजरीला नावं ठेवू नका, दळण कधीचं ते आठवा. फ्रिजमध्ये ठेवलं तर थोडं जास्त टिकतं, एवढंच.

गिरणीतून आलेलं गरम पीठ तसंच डब्यात कोंबून झाकण लावणं ही दुसरी चूक. आत वाफ धरते, गुठळ्या होतात, पावसाळ्यात जाळी धरते. परातीत किंवा कागदावर पसरून पूर्ण निवू द्या. दळण जाडसर आलं असेल तरी भाकरी चिरते. गिरणीवाल्याला ‘भाकरीचं, बारीक’ असं सांगावं लागतं. आणि आपल्या आधी कोणाचं हरभऱ्याचं दळण गेलं असेल तर पहिलं मूठ-दोन मूठ पीठ वेगळं काढा.

ज्वारी कुठली, यानेही फरक पडतो. रब्बीची ज्वारी, म्हणजे शाळू, आणि त्यातली मालदांडी ही भाकरीसाठीच जन्माला आली असावी असं माझं मत. टपोरा, मोत्यासारखा दाणा, भाकरी पांढरी आणि गोडसर. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आत्यांना मात्र त्यात नवल वाटलं नाही. खरिपाची ज्वारी कणसात दाणा भरताना पावसात सापडली तर काळवंडते. तिची भाकरी काळपट होते, चवीलाही उतरते. किलोमागे दहा-पंधरा रुपये वाचवायची ही जागा नव्हे.

पीठ जुनंच असेल तर

फेकून देऊ नका, उकड काढा. वाटीभर पाणी, चवीला मीठ, उकळी फुटली की आच बारीक करून वाटीभर पीठ घाला, उलथन्याच्या दांड्याने ढवळा, गॅस बंद करून झाकण ठेवा. दहा मिनिटांनी, चटका सोसेल इतकं गरम असतानाच पाण्याच्या हाताने रगडून मळा. साधारण ७० अंशांच्या पुढे पिठातला स्टार्च पाणी पिऊन फुगतो, चिकट होतो आणि गेलेल्या विरीचं काम तो करतो. कोकणात तांदळाची भाकरी याच रीतीने होते.

परदेशातल्या मराठी घरांना तर उकडीला पर्याय नाही, कारण दुकानातलं पाकीट गिरणीतून निघून किती महिने झाले कोण जाणे. अशी उकडीची भाकरी लाटण्याने लाटली तरी चालते. काही सुगरणी नाक मुरडतील, मुरडू द्या.

आणखी एक आधार खानदेशातून घेता येतो. तिथली कळण्याची भाकरी ज्वारीत उडीद दळून करतात. उडदाला अंगचाच चिकटपणा. माझं पीठ अगदी उतरलेलं नसेल तर मी चार वाट्यांना अर्धी वाटी उडदाचं पीठ मिसळते, भाकरी धरते. चव थोडी बदलते, ठेच्याबरोबर उलट बरीच लागते.

परातीतल्या चुका

पोळ्यांच्या सवयीने सगळं पीठ एकदम भिजवून ठेवतो, तिथे फसतो. भाकरीचं पीठ मुरत नाही, नुसतं सुकतं. एका वेळी एका, फार तर दोन भाकऱ्यांचं घ्या. वाटीभर पिठाला पाऊण वाटीच्या आसपास कडकडीत पाणी लागतं, पण एकदम ओतू नका. दळणागणिक कमी-जास्त होतं.

मळताना हाताची टाच वापरा. बोटांनी चिवडल्यासारखं करून भागत नाही, पीठ परातीला घासत पुढे रगडायचं, गोळा करायचा, परत रगडायचं. दोन-तीन मिनिटं तरी. गोळा लोण्यासारखा मऊ लागला पाहिजे आणि गोल करताना त्यावर एकही चीर दिसता कामा नये. गोळ्यावर जी चीर दिसते तीच थापताना कडेपर्यंत जाते, ती मधेच बुजवता येत नाही. चीर दिसली तर थापायला घेऊच नका, पाण्याचा हात लावून पुन्हा मळा.

थापताना भाकरी परातीला चिकटते, फिरत नाही, म्हणजे खाली कोरडं पीठ कमी पडलं. फिरते पण कड फाटते, म्हणजे पाणी कमी किंवा मळणं कमी. उचलताना मधोमध तुटते, म्हणजे मध्ये दाब जास्त पडला. थाप मधून कडेकडे जायला हवी, दुसऱ्या हाताने कडेला आधार देत. आणि हातातली अंगठी काढा, नखं वाढली असतील तर कापा. हे सांगायला विचित्र वाटतं, पण नखाच्या खळीएवढ्या भोकातून सगळी वाफ निघून जाते आणि आपण आचेला दोष देतो.

तवा आणि पाण्याचा हात

फुगण्याचा सगळा हिशोब इथे आहे. भाकरी तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर येते. तिच्यावर लगेच, अगदी लगेच, पाणी फिरवायचं, सगळीकडे, कडेपर्यंत. कोरडं पीठ राहिलं तिथे ते जळतं, भेग पडते. ओल्या पृष्ठावर मात्र उष्णतेने सलग पातळ पडदा तयार होतो आणि आतली वाफ अडते. तीच वाफ पुढे पापुद्रा उचलते.

उलटायची वेळ चुकली तर सगळं वाया. पाणी चकाकत असताना उलटलीत तर भाकरी तव्याला चिकटते. पूर्ण सुकून पांढरी पडू दिलीत तर वर भेगा आधीच पडलेल्या असतात. चकाकी गेली पण बोटाला अजून ओल लागते, तो क्षण पकडायचा. सुरुवातीला दोन-चार भाकऱ्या यात जातात, माझ्या तर दोन-चार डझन गेल्या.

उलटल्यावर ही पाण्याची बाजू नीट भाजू द्या, तपकिरी डाग येईपर्यंत. मग तवा उतरवून, पहिली, कमी भाजलेली बाजू थेट आचेवर. चूल असेल तर आराला लावायची. घाईने दुसरी बाजू कच्ची ठेवलीत तर तिथे फाटते आणि फुगवटा बसतो.

तवा लोखंडी किंवा बिडाचा हवा. पातळ नॉनस्टिकवर भाकरी भाजण्याऐवजी वाळते, आणि वातडपणाचं कारण पुष्कळदा हेच निघतं. तवा पुरेसा तापला का ते पाण्याच्या थेंबाने बघा: थेंब चर्र करून नाचत उडाला पाहिजे. नुसता बसून आटत असेल तर थांबा. उलट तव्यातून धूर निघत असेल तर भाकरीवर काळे फोड येतील आणि आत पीठ कच्चं राहील.

सोलापूरची कडक भाकरी हे प्रकरण वेगळं. ती पातळ थापून मुद्दाम वाळवलेली असते आणि बरेच दिवस टिकते. आपली मऊ व्हायची भाकरी कडक झाली म्हणून ती सोलापुरी ठरत नाही.

उतरवल्यानंतर

गरम भाकऱ्या एकावर एक रचून स्टीलच्या घट्ट डब्यात बंद केल्या की वाफेचं पाणी होतं, खालची ओली आणि वरची चिवट. आधी एकेक उभी टेकवून वाफ जाऊ द्यावी आणि मग कापड घातलेल्या दुरडीत ठेवावी. दुरडी नसेल तर डब्यात सुती फडकं आणि झाकण जरासं तिरकं. उघड्यावर ठेवली तर मात्र तासाभरात पापड.

इतकं करूनही एखादी तडकतेच. ती मी ताटाला लावत नाही. तिच्यावर गरम आमटी ओतून काला करते आणि स्वयंपाकघरात उभ्याउभ्या खाते. उरलेल्यांचा दुसऱ्या दिवशी कांदा-लसणाच्या फोडणीवर कुस्करा होतो, आणि त्या दिवशी घरात पोळ्या मागायला कोणी येत नाही.