क्लबचा ब्रिज साडेतीन तासांत कसा बसवायचा

सात टेबलं असली तर सात फेऱ्या, फेरीला चार बोर्ड (बोर्ड म्हणजे एकदा वाटून ठेवलेला डाव), म्हणजे 28. नऊ असली तर तीन-तीन, 27. तेरा असली तर दोन-दोन, 26. डुप्लिकेट ब्रिज, म्हणजे तेच डाव टेबलाटेबलावर खेळायचा पत्त्यांचा खेळ, याच आकड्यांभोवती फिरतो, कारण बोर्डाला साडेसात मिनिटं धरली की 27 बोर्डांना सव्वातीन तासांहून थोडं जास्त लागतं. चहा धरून साडेतीन. बोर्ड फार कमी ठेवले तर एखादा नशिबाचा स्लॅमच (तेरापैकी बारा किंवा तेरा हात करायची बोली) निकाल फिरवतो.

मिचेल पद्धतीत उत्तर-दक्षिण दिशांना समोरासमोर बसलेल्या जोड्या जागेवरच बसतात, पूर्व-पश्चिमेच्या पुढच्या टेबलावर जातात, बोर्ड मागच्या. टेबलं सम असली की घोळ: आठ टेबलांवर पाचव्या फेरीत पहिल्याच फेरीतले बोर्ड पुन्हा समोर येतात. म्हणून चौथ्या फेरीनंतर पूर्व-पश्चिम जोड्यांना एक टेबल गाळून पुढे पाठवा आणि सातव्या फेरीला थांबा. आठवीत पहिलेच प्रतिस्पर्धी भेटतात.

उशीर बहुधा खेळण्यात होत नाही, डाव संपल्यावरच्या ‘तू हुकूम का नाही काढलास’मध्ये होतो. फेरीची तीन मिनिटं उरली असताना नवा बोर्ड उघडू देऊ नका. आणि पत्ते उचलल्यावर, त्यांची दर्शनी बाजू बघण्याआधी, तेरा आहेत का ते मोजायला लावा.